कुकी एक्स्चेंजसाठी भाजलेल्या कुकीज ओव्हनमध्ये पसरत असतील तर: काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

डिसेंबर लागला की अमेरिकेत शेजाऱ्यांच्या गटांत, कार्यालयांत आणि मुलांच्या शाळांत कुकी एक्स्चेंज ठरू लागतात. प्रत्येकाने एकाच प्रकारच्या कुकीज मोठ्या संख्येने घरी भाजायच्या, सगळ्यांनी त्या एका टेबलावर मांडायच्या आणि परतताना प्रत्येकाच्या थोड्या थोड्या घेऊन यायच्या, अशी ही पद्धत आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून या निमित्ताने साच्याने कापलेल्या शुगर कुकीज भाजल्या जातात आणि नानकटाईही भाजली जाते. दोन्हींबाबत दरवर्षी एकच तक्रार कानावर येते, ती म्हणजे कुकीज ओव्हनमध्ये पसरल्या, ताऱ्याचे कोपरे गेले आणि नानकटाईच्या चकत्या झाल्या. ही तक्रार वेगवेगळ्या स्वयंपाकघरांत सोडवता सोडवता तपासणीचा जो क्रम पक्का झाला, तो येथे देत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे आवश्यक वाटते. कुकीज पसरल्या की बहुतेकांचा हात प्रथम मैद्याच्या डब्याकडे जातो. कृपया तसे करू नये. तापमान आणि वजन या दोन गोष्टी तपासल्याशिवाय कृतीतल्या प्रमाणांना हात लावू नये, कारण वाढवलेल्या मैद्याने पसरणे थोडे कमी झाले तरी खरे कारण तसेच राहते, कुकी कोरडी आणि कडक होते, आणि पुढच्या वर्षी तीच अडचण पुन्हा उभी राहते.

लक्षणे

कुकीज नेमक्या कशा पसरल्या आहेत हे नीट पाहिले तर अर्धे निदान ट्रेवरच होते.

पहिला ट्रे चांगला निघतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या ट्रेपासून कुकीज पसरट होऊ लागतात, हे एक्स्चेंजच्या वेळी सर्वाधिक आढळणारे लक्षण आहे. आठ जणांच्या गटात प्रत्येकासाठी अर्धा डझन म्हटले तरी ४८ कुकीज लागतात. एका ट्रेवर १२ मावल्या तर ओव्हनमध्ये चार ट्रे एकामागून एक जातात, आणि तेवढ्या वेळात ट्रे, ओटा आणि उरलेले पीठ ही सगळीच तापत जातात. अशा वेळी कृतीत बहुधा काहीही चूक नसते.

पहिल्या ट्रेपासूनच कुकीज पातळ, कडेला जाळीदार आणि खालच्या कागदावर तेलकट डाग सोडणाऱ्या होत असतील, तर बटर फार मऊ होते किंवा मैदा प्रत्यक्षात कमी पडला आहे. कुकीज पसरल्या आहेत आणि दिलेली वेळ संपली तरी फिकटच आहेत, असे दिसले तर संशय ओव्हनवर घ्यावा. तो दाखवतो तितका गरम नसतो. याउलट तळ काळपट, कडा करपलेल्या आणि मध्य कच्चा असेल तर ट्रे गडद रंगाचा आहे, किंवा रॅक फार खाली लावला आहे. कुकी आधी छान फुगते आणि मग बसून पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात, तेव्हा फेटणे किंवा सोडा जास्त झालेला असतो. ट्रेच्या एकाच बाजूच्या कुकीज बिघडत असतील तर ओव्हनमधली उष्णता असमान आहे.

पसरण्यामागचे कारण

बटर साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते. कुकीला आकार देणारी अंड्यातली प्रथिने मात्र साधारण ६० ते ८० अंशांच्या दरम्यान घट्ट होतात, आणि साखर जास्त असेल तर त्याहूनही उशिरा. या दोन तापमानांच्या मधल्या काळात कुकीला आधार देणारे फारसे काही नसते आणि ती स्वतःच्या वजनाने बाहेर सरकत राहते. हा मधला काळ जितका लांबेल तितकी कुकी पसरेल. पुढची जवळजवळ प्रत्येक तपासणी एकतर बटर उशिरा वितळावे म्हणून आहे, किंवा कुकी लवकर घट्ट व्हावी म्हणून.

पहिली तपासणी: एकच कुकी भाजून पाहणे

संपूर्ण ट्रे भरण्याआधी एक किंवा दोनच कुकीज ट्रेच्या मध्यभागी ठेवून भाजाव्यात. यास काहीही खर्च येत नाही आणि बारा कुकीजचे साहित्य वाचते. ही चाचणीची कुकी बाहेर काढून पाच मिनिटे थांबावे आणि मगच तिचा निवाडा करावा, कारण गरम कुकी नेहमीच मऊ आणि बसकी दिसते. ती चांगली निघाली आणि पुढे भरलेला ट्रे बिघडला, तर पीठ आणि प्रमाणे निर्दोष आहेत आणि दोष ट्रे, जागा किंवा वाट पाहण्याचा आहे, हे तेथेच सिद्ध होते. पिठाची चव घेऊन निदान करण्याचा मोह मात्र टाळावा. कच्च्या अंड्याइतकाच कच्चा मैदाही धोक्याचा असतो, आणि २०१६ साली अमेरिकेत कच्च्या मैद्यातून ई. कोलाय जिवाणूंची लागण झाल्याने मोठ्या प्रमाणावर मैदा बाजारातून परत घ्यावा लागला होता.

दुसरी तपासणी: ट्रे

ट्रे हाताला पूर्ण थंड लागला पाहिजे. कोमट ट्रेवर ठेवलेल्या कुकीचे बटर ओव्हनचे दार उघडण्याआधीच तळाकडून वितळू लागते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ट्रेच्या तक्रारीचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. उपाय असा की किमान दोन, शक्य असल्यास तीन ट्रे फिरते ठेवावेत. गरम ट्रे लगेच थंड पाण्याखाली धरू नये, पातळ पत्रा वाकतो आणि मग कुकीज एका बाजूला घसरतात. न्यू जर्सीच्या डिसेंबरात रिकामा ट्रे दाराबाहेर पायरीवर पाच मिनिटे ठेवला तरी काम होते.

यानंतर ट्रेला तूप किंवा तेल लावले आहे का, ते पाहावे. आपल्याकडे ताटाला तुपाचा हात फिरवल्याशिवाय वडी थापण्याची सवय नसते आणि तोच हात येथेही नकळत फिरतो, परंतु तुपाच्या थरावर कुकीला पकडायला काहीच मिळत नाही आणि ती सहज सरकते. बटर असलेल्या कुकीला ट्रे तुपावण्याची गरज नसते. पार्चमेंट पेपर, म्हणजे ओव्हनमध्ये चालणारा न चिकटणारा कागद, पुरे. सिलिकॉनच्या चटईवरही कुकी कागदापेक्षा थोडी अधिक पसरते, म्हणून नेहमी चटई वापरणाऱ्यांनी एकदा कागदावर भाजून फरक पाहावा. मेणकागद मात्र पार्चमेंटऐवजी चालत नाही, त्यातले मेण ओव्हनमध्ये वितळून धूर होतो. भारतात बटर पेपर या नावाने मिळणारे सगळेच कागद ओव्हनसाठी नसतात, तेव्हा वेष्टनावर कमाल तापमान छापलेले आहे का, हे वाचून घ्यावे.

ट्रे फिकट रंगाच्या, एकपदरी ॲल्युमिनियमचा असावा. दोन पत्र्यांच्या मध्ये हवा ठेवलेले ट्रे तळ करपू नये म्हणून बनवलेले असतात. त्यांत उष्णता कुकीपर्यंत सावकाश पोहोचते, आणि वर सांगितलेला मधला काळ नेमका लांबतो.

तिसरी तपासणी: पिठाचा थंडपणा

थंड पिठाचे दोन फायदे आहेत. बटर उशिरा वितळते हा एक, आणि थांबलेल्या वेळात मैदा ओलावा शोषून घेतो व पीठ घट्ट होते हा दुसरा. चमच्याने टाकायच्या कुकीजचे पीठ किमान अर्धा तास फ्रीजमध्ये राहिले पाहिजे, आणि रात्रभर राहिले तर अधिक चांगले.

साच्याच्या कुकीजना एवढ्याने भागत नाही. पीठ फ्रीजमधून काढून लाटले, कापले, उरलेल्या कातरणांचा पुन्हा गोळा करून पुन्हा लाटले, या सगळ्यात मैद्याने भरलेला ओटा आणि हातांची ऊब यांमुळे थंडपणा केव्हाच निघून गेलेला असतो, आणि ‘पीठ तर फ्रीजमध्येच होते’ असे सांगणाऱ्यांच्या कुकीज बहुतेक वेळा येथेच बिघडतात. म्हणून क्रम बदलावा. पीठ तयार होताच, मऊ असतानाच, दोन पार्चमेंट कागदांच्या मध्ये पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर जाडीचे लाटावे. लाटलेली पोळी कागदांसह आडवी फ्रीजमध्ये तासभर ठेवावी. ती थंड झाल्यावर साच्याने कापावे. आणि कापलेल्या कुकीज ट्रेसह दहा ते पंधरा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवून थेट गरम ओव्हनमध्ये घालाव्यात. दोन कागदांमध्ये लाटल्याने ओट्यावर मैदा भुरभुरावा लागत नाही, त्यामुळे कातरणांतही जास्तीचा मैदा जात नाही. जाडीही एकसारखी ठेवावी, कारण ३ मिलिमीटरच्या कडा आणि ६ मिलिमीटरचा मध्य असलेल्या पोळीतून कापलेल्या कुकीज एकाच ट्रेवर दोन प्रकारे भाजल्या जातात.

एक ट्रे ओव्हनमध्ये असताना दुसऱ्या ट्रेच्या कुकीज कोठे आहेत, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारावा. त्या ओट्यावर असतील तर त्या चुकीच्या जागी आहेत. गरम ओव्हनशेजारचा ओटा ही स्वयंपाकघरातली सर्वांत वाईट जागा, आणि दुर्दैवाने सर्वांत सोयीचीही.

चौथी तपासणी: बटर मिसळतानाचे तापमान

साखरेबरोबर फेटताना बटर १८ ते २० अंश सेल्सिअसला असावे. थर्मामीटर नसेल तर बोटाने दाबून पाहावे: खूण उमटली पाहिजे, परंतु बोट आत बुडता कामा नये आणि बटर चकाकता कामा नये. चकाकणारे बटर अर्धे वितळलेले असते आणि फ्रीजमध्ये ठेवूनही ते पूर्ववत होत नाही. मायक्रोवेव्हमध्ये मऊ केलेल्या कांडीचा बाहेरचा भाग घट्ट आणि आत वितळलेला खड्डा असे हमखास होते, म्हणून घाई असल्यास बटरचे छोटे तुकडे करून ताटलीत पसरून ठेवावेत; वीस मिनिटांत काम होते.

फेटणेही आवरते घ्यावे. केकसाठी बटर-साखर हलकी आणि पांढरी होईपर्यंत फेटतात, साच्याच्या कुकीसाठी तसे करू नये. त्यात भरलेली हवा ओव्हनमध्ये फुगते, कुकी वर येते, आणि घट्ट होण्याआधीच हवा निघून गेल्याने बाहेर पसरून बसते. दोन्ही एकजीव झाले की थांबावे.

बटरच्या वेष्टनावरही एकदा नजर टाकावी. अमेरिकेत बटर म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किमान ८० टक्के स्निग्धांश असावा लागतो. डब्यातून मिळणाऱ्या, फ्रीजमधूनही थेट पावाला लावता येणाऱ्या स्प्रेडमध्ये स्निग्धांश कमी आणि पाणी जास्त असते, आणि त्याच्या कुकीज पसरणारच. घरी कढवण्यासाठी काढलेल्या लोण्यातही पाण्याचे प्रमाण निश्चित नसते, त्यामुळे चवीला उत्तम असले तरी साच्याच्या कुकीजसाठी ते वापरू नये.

पाचवी तपासणी: वजन

येथपर्यंत सगळे ठीक असूनही पहिला ट्रेच पसरत असेल, तर स्वयंपाकघरातला वजनकाटा काढावा. नसेल तर दहा-पंधरा डॉलरमध्ये मिळणारा घ्यावा. मैदा कपाने मोजणे हे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत अविश्वसनीय पाऊल आहे. मैदा चमच्याने हलकेच कपात भरून वरून सपाट केला तर एक कप सुमारे १२० ग्रॅम भरतो. तोच कप पिशवीत खुपसून भरला तर सहज १४५ ग्रॅम भरतो. तीन कपांच्या कृतीत एकीकडे ३६० ग्रॅम आणि दुसरीकडे ४३५ ग्रॅम, म्हणजे ७५ ग्रॅमचा, अर्ध्या कपाहून जास्त फरक झाला. ज्या मैत्रिणीने कृती दिली ती कप खुपसून भरत असेल आणि आपण चाळून, हलक्या हाताने भरत असू, तर दोघींची कृती कागदावर तीच राहूनही आपल्या कुकीज पसरतील. मोजण्याचे कपही सारखे नसतात. अमेरिकेतला कप सुमारे २४० मिलिलिटरचा, तर मेट्रिक कप २५० मिलिलिटरचा असतो, आणि आईने फोनवर सांगितलेली वाटी तर घराघरांत निराळी असते.

कृती फक्त कपांत असेल तर एक कप म्हणजे १२५ ग्रॅम धरून वजन करावे, एक कुकी भाजून पाहावी, आणि ती पसरली तरच एकेक टेबलस्पून मैदा वाढवत जावे. मैदा वाढवण्याची योग्य वेळ ही आहे, याच्या आधीची नव्हे. योग्य आकडा मिळाला की तो कृतीवर ग्रॅममध्ये लिहून ठेवावा.

अंडेही मोजणीत येते. अमेरिकी कृतींत लार्ज अंडे गृहीत असते, टरफलाविना सुमारे ५० ग्रॅम. जम्बो अंड्यात दहा-बारा ग्रॅम द्रव जास्त जातो.

सहावी तपासणी: कृतीच मुळात पसरणारी आहे का

काही कृती पसरण्यासाठीच लिहिलेल्या असतात आणि त्यांतून तारे कापण्याचा हट्ट व्यर्थ असतो. तुलनेसाठी साच्याच्या कुकीचे एक भरवशाचे प्रमाण असे: मैदा ३६० ग्रॅम, बटर २२६ ग्रॅम म्हणजे दोन कांड्या, साखर २०० ग्रॅम, एक लार्ज अंडे, चिमूटभर मीठ आणि व्हॅनिला. आपल्या कृतीत एवढ्याच मैद्याला बटर किंवा साखर याहून बरीच जास्त असेल तर ती कुकी गोलच होणार.

साखर ओव्हनमध्ये विरघळून द्रव होते आणि प्रथिनांचे घट्ट होणे लांबवते, म्हणून जास्त साखर म्हणजे जास्त पसरणे. अमेरिकेतल्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा कॉर्नस्टार्च घातलेला असतो, त्यामुळे ती वापरलेल्या कुकीज आकार बऱ्यापैकी धरतात. घरी मिक्सरमध्ये दळलेल्या साखरेत तो नसतो. खाण्याच्या सोड्याकडे विशेष लक्ष द्यावे. सोडा पिठाची आम्लता कमी करतो, त्यामुळे रंग लवकर येतो परंतु प्रथिने उशिरा घट्ट होतात आणि कुकी अधिक पसरते. वर दिलेल्या प्रमाणात सोडा अजिबात नको. बेकिंग पावडरही एक टीस्पूनच्या आत ठेवावी किंवा पूर्ण वगळावी.

समुद्रसपाटीपासून उंचावर राहणाऱ्यांसाठी ही तपासणी याहून वर यायला हवी. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पिठातला वायू अधिक फुगतो, पाणी लवकर उडून साखर दाट होते, आणि न्यू जर्सीत चोख निघणारी कृती तेथे पसरते. बेकिंग पावडर साधारण एक चतुर्थांशाने कमी करावी, साखर दर कपामागे एक टेबलस्पूनने कमी करावी, मैदा एक-दोन टेबलस्पून वाढवावा आणि ओव्हन १५ ते २५ अंश फॅरनहाइटने जास्त ठेवावा.

नानकटाईसाठी वेगळे

नानकटाईत अंडे नसते आणि पाणीही जवळजवळ नसते, म्हणजे घट्ट होऊन आकार धरणारे प्रथिनांचे जाळे तिच्यात तयारच होत नाही. मैद्याचे कण तुपाने एकमेकांना धरून ठेवलेले असतात, एवढेच. त्यामुळे तुपाची अवस्था हीच तिची सगळ्यांत मोठी तपासणी आहे. तूप थिजलेले असावे. पातळ किंवा अर्धवट पातळ तूप असेल तर वाटी फ्रीजमध्ये ठेवून घट्ट करावे, मग पिठीसाखरेबरोबर पांढरे होईपर्यंत फेसावे आणि मैदा, बेसन, वेलची घालून मिश्रण हलक्या हाताने एकत्र आणावे. गोळे करताना तळहात तेलकट होत असतील, किंवा ताटलीत ठेवलेला गोळा पाच मिनिटांत आपोआप बसत असेल, तर तो ओव्हनमध्ये नक्की पसरेल. अशा वेळी गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून एक भाजून पाहावा, आणि तरीही पसरला तरच उरलेल्या पिठात एक-दोन चमचे मैदा मिसळावा.

बटरऐवजी तेवढ्याच वजनाचे तूप घालण्याची चूक फार घरांत होते. बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो आणि तूप जवळजवळ संपूर्ण स्निग्धांशच असते, म्हणून २२६ ग्रॅम बटरच्या जागी सुमारे १८० ग्रॅम तूप पुरते. त्याहून जास्त घातलेले तूप कागदावर उतरते.

महाराष्ट्रात पूर्वी दिवाळीच्या आधी घरचे तूप, साखर आणि मैदा घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाई भाजून डबे भरून आणायचे, अशी रीत होती. विटांच्या तापलेल्या भट्टीत तळाकडून एकदम भरपूर उष्णता मिळते. त्या वेळची प्रमाणे आज पुण्या-मुंबईच्या छोट्या ओटीजीत, म्हणजे ओट्यावर ठेवायच्या विजेच्या ओव्हनमध्ये, जशीच्या तशी वापरली आणि ओटीजी पुरेसा तापलेला नसला, तर तूप आधी पाझरते. ओटीजी किमान पंधरा-वीस मिनिटे तापू द्यावा, ट्रे मधल्या खाचेत लावावा, आणि मुंबईसारख्या ठिकाणी जेथे डिसेंबरातही दुपारी स्वयंपाकघर उबदारच असते, तेथे एका वेळी एका ट्रेपुरतेच पीठ फ्रीजबाहेर काढावे.

पसरू नये म्हणून नानकटाईत अंडे घालण्याचा सल्ला काही जण देतात. एक्स्चेंजसाठी तसे कधीही करू नये. नानकटाई म्हटल्यावर शाकाहारी माणसे ती निश्चिंतपणे उचलतात, आणि त्यांचा तो विश्वास जपणे आकारापेक्षा महत्त्वाचे आहे.

सातवी तपासणी: ओव्हनचे खरे तापमान

ओव्हनच्या पडद्यावरचा आकडा हा त्याचा अंदाज असतो. जुन्या ओव्हनमध्ये खरे तापमान २५ अंश फॅरनहाइटने इकडेतिकडे असणे अजिबात दुर्मीळ नाही. रॅकवर ठेवायचा किंवा टांगायचा साधा ओव्हन थर्मामीटर स्वस्तात मिळतो. तो मधल्या रॅकच्या मध्यभागी ठेवून ३५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १७७ अंश सेल्सिअस लावावे, आणि तापल्याची घंटा वाजल्यावर आणखी वीस मिनिटे थांबावे. घंटा वाजते तेव्हा आतली हवा तापलेली असते, परंतु भिंती तापलेल्या नसतात, आणि दार उघडताच ती हवा बाहेर जाते. त्यानंतर दर पाच मिनिटांनी, शक्यतो काचेतूनच, आकडा वाचून चार-पाच नोंदींची सरासरी काढावी; ओव्हन चालू-बंद होत असल्याने एकाच नोंदीवरून निष्कर्ष काढता येत नाही.

थर्मामीटर हाताशी नसेल तर साखरेची चाचणी करावी. साखर सुमारे १८६ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३६७ अंश फॅरनहाइटच्या आसपास वितळते. फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर साखर घेऊन नीट तापलेल्या ओव्हनमध्ये ३५० वर पंधरा मिनिटे ठेवली तर ती वितळता कामा नये, आणि ३७५ वर पंधरा मिनिटांत वितळली पाहिजे. ३७५ वर ती कोरडीच राहिली तर ओव्हन थंड आहे. ३५० वरच पाणी झाली तर तो गरम आहे.

फरक कायम आणि एकसारखा असेल, म्हणजे दर वेळी वीस अंशच कमी, तर दुरुस्तीची गरज नसते. बहुतेक डिजिटल ओव्हनमध्ये तापमान वर-खाली जुळवून घेण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती ओव्हनच्या पुस्तिकेत पाहावी, किंवा सरळ वीस अंश जास्त लावावेत. पंख्याची कन्व्हेक्शन सोय चालू असेल तर कृतीपेक्षा २५ अंश फॅरनहाइट कमी ठेवावे. एकाच बाजूच्या कुकीज बिघडत असतील तर अर्ध्या वेळेत ट्रे फिरवावा, आणि एका वेळी एकच ट्रे मधल्या रॅकवर भाजावा.

दाराची रबरी पट्टी फाटली, चपटी झाली किंवा निखळली आहे का, हेही या वेळी पाहून घ्यावे. सणाच्या आदल्या आठवड्यात ओव्हनची सेल्फ-क्लीन सोय मात्र वापरू नये. तीत आतले तापमान ४५० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते, आणि त्या ताणाने जुना फ्यूज किंवा कळफलक बिघडला तर नेमक्या गरजेच्या दिवशी ओव्हन बंद पडतो.

कोठे थांबावे

बिघडलेल्या ट्रेवर थोडा इलाज करता येतो. साच्याच्या कुकीज ओव्हनमधून काढल्याबरोबर, मऊ असतानाच, त्याच साच्याने पुन्हा कापल्या तर आकार बराचसा परत मिळतो. गोल कुकीवर तिच्याहून मोठी वाटी किंवा पेला उपडा ठेवून हलकेच गोल गोल फिरवला तर पसरलेली कड आत सरकते. दोन्ही गोष्टी पहिल्या एक-दोन मिनिटांतच होतात, नंतर कुकी तुटते.

एक्स्चेंज दुसऱ्या दिवशी असेल आणि पहिल्या पाच तपासण्यांनंतरही चाचणीची कुकी पसरत असेल, तर त्या पिठाशी झगडणे सोडून द्यावे. तेच पीठ पार्चमेंट लावलेल्या ९ बाय १३ इंचांच्या भांड्यात एकसारखे थापावे, ३५० अंश फॅरनहाइटला वीस ते पंचवीस मिनिटे, कडा सोनेरी होईपर्यंत भाजावे आणि थंड झाल्यावर वड्या कापाव्यात. भांड्याच्या भिंती असल्याने पसरण्याचा प्रश्नच येत नाही. वड्यांचा ट्रे टेबलावर कोणालाही कमी वाटत नाही.

ओव्हनच्या बाबतीत थांबण्याची रेषा याहून कडक आहे. थर्मामीटरचा आकडा दर वेळी निराळा येत असेल, ५० अंश फॅरनहाइटहून जास्त फरक असेल, खालची किंवा वरची तापणारी सळई काही ठिकाणीच लाल होत असेल, तिच्यावर फोड किंवा चीर दिसत असेल, किंवा ओव्हन चालू करताच ब्रेकर पडत असेल, तर ओव्हन बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे. अमेरिकेतले विजेचे ओव्हन साधारणपणे २४० व्होल्टवर चालतात. त्यांची मागची पट्टी उघडण्याचे काम घरी करू नये, मग त्याची चित्रफीत कितीही सोपी वाटो. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये तर कोणताही स्क्रू सैल करण्याआधी इमारतीच्या मेंटेनन्स कार्यालयाला लेखी कळवावे, कारण दुरुस्ती बहुधा त्यांचीच जबाबदारी असते.

गॅसच्या ओव्हनमध्ये बटण फिरवल्यावर ज्योत पेटायला दीड मिनिटाहून जास्त लागत असेल तर आतला इग्नायटर, म्हणजे ज्योत पेटवणारा भाग, अशक्त झालेला असतो. असा ओव्हन तापतो, पण रडतखडत, आणि पसरलेल्या फिकट कुकीज हे कित्येकदा त्याचे पहिले लक्षण असते. ज्योत निळी न राहता पिवळी दिसत असेल किंवा काजळी धरत असेल तर ओव्हन तत्काळ बंद करावा, कारण अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. गॅसचा, सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तपासणी करत बसू नये; दिव्याचे बटणही न दाबता सगळ्यांनी घराबाहेर पडावे आणि बाहेरूनच गॅस कंपनीला किंवा ९११ला फोन करावा.

तंत्रज्ञाला फोन करताना ‘कुकीज पसरतात’ एवढेच सांगून उपयोग होत नाही. ओव्हनचा मॉडेल क्रमांक, लावलेले तापमान, थर्मामीटरवर पाच-पाच मिनिटांनी आलेले आकडे, आणि गॅसचा ओव्हन असेल तर पेटायला लागलेला वेळ, हे कागदावर लिहून तयार ठेवावे. मॉडेल क्रमांक बहुधा दार उघडल्यावर चौकटीवर चिकटवलेला असतो. एवढी माहिती असली तर तंत्रज्ञ बहुतेक वेळा योग्य सुटा भाग बरोबर घेऊनच येतो आणि दुसरी फेरी वाचते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर वेळ मिळणे कठीण जाते, म्हणून थर्मामीटरची तपासणी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुटीतच उरकून घ्यावी.